हायड्रॉलिक द्रव

हायड्रॉलिक द्रव : बंदिस्त नळ्यांमधून दाबाच्या स्वरूपात शक्ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्यासाठी वापरण्यात येणारा द्रव. पंपाने दाब दिलेला हा द्रव नळ्या व झडपा यांतून सिलिंडरात जातो, तेथील दट्ट्या सरकवितो आणि काम झाल्यावर टाकीत परत येतो. उत्खनक यंत्राची भुजा, ट्रॅक्टरमागील नांगर उचलण्याची योजना, मोटारगाडीचे ब्रेक, विमानाची चाके व सुकाणू, प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बंद ठेवणारी यंत्रे, तसेच साखर कारखान्यात उसाच्या चरकाच्या वरच्या रुळावर सतत दाब ठेवणारी योजना ही सर्व अशा द्रवाच्या साहाय्याने चालतात. व्यवहारात या द्रवाला सरसकट ‘हायड्रॉलिक ऑइल’ म्हणतात. परंतु तो तेलच असतो असे नाही. हायड्रॉलिक हा शब्दच मुळी पाणी व नळी या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून आलेला आहे.

बंदिस्त द्रवाच्या कोणत्याही भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांनी मांडलेले तत्त्व या यंत्रणांच्या मुळाशी आहे. १ चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर १० किग्रॅ. भार दिला, तर त्याच द्रवाला जोडलेल्या १०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर १,००० किग्रॅ. भार उचलला जातो. या तत्त्वात द्रव कोणता असावा याविषयी काहीच सांगितलेले नाही व तत्त्वतः कोणताही द्रव चालावा. प्रत्यक्ष यंत्रात मात्र द्रवाला शक्ती वाहून नेण्याखेरीज पंप व झडपा यांतील घासणाऱ्या पृष्ठभागांचे वंगण करावे लागते, त्यांमधील अतिसूक्ष्म फटी भरून गळती रोखावी लागते, निर्माण झालेली उष्णता टाकीपर्यंत आणावी लागते, झिजेचे कण गाळणीपर्यंत वाहून न्यावे लागतात आणि धातूंना गंजण्यापासून वाचवावे लागते. म्हणून हा द्रव पंपाइतकाच यंत्राचा एक भाग मानला जातो व यंत्राच्या आराखड्याबरोबरच त्याची निवड करण्यात येते. वरील अपेक्षांपैकी कित्येक परस्परविरोधी आहेत. पुढे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या विरोधात आहे.

पाण्याकडून तेलाकडे : इंग्रज यंत्रकार जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले, त्यात पाणी वापरलेले होते. दट्ट्याभोवतून पाणी निसटू नये म्हणून दाबाबरोबर अधिकाधिक घट्ट बसणारे चामड्याचे कडे त्यांचे सहकारी हेन्री मॉडस्ली यांनी बसविले आणि त्यानंतरच हे यंत्र उपयोगी ठरले. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८४६ मध्ये न्यूकॅसल येथे शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी यारी उभारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रस्त्यांखालील नळांतून सु. ५.५ मेगापास्काल (सु. ५६ किग्रॅ./चौ. सेंमी.) दाबाचे पाणी शक्तीचे साधन म्हणून विकले जात असे व त्यावर गोदीतील याऱ्या, हॉटेलांतील पाळणे आणि नाट्यगृहांतील सरकते रंगमंच चालत. ही कंपनी १९७७ पर्यंत चालू होती. १८९४ मध्ये खुला झालेला लंडनचा टॉवर ब्रिजही पाण्याच्या दाबानेच उघडत असे. मुंबईत त्याच काळात कुलाबा भागात निर्यातीच्या कापसाच्या गासड्या आवळण्यासाठी द्रवीय दाबयंत्रे वापरली जात.

पाणी स्वस्त, सर्वत्र मिळणारे व न पेटणारे आहे. परंतु ते लोखंड गंजविते, थंड प्रदेशात गोठते, उष्णतेने लवकर वाफाळते आणि मुख्य म्हणजे अतिशय पातळ असल्याने वंगण म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. मंदगती दाबयंत्रांना हे दोष सोसत. वेगाने फिरणाऱ्या व बारीक फटींच्या पंपांना ते सोसणे शक्य नव्हते. १९०६ मध्ये अमेरिकन युद्धनौका ‘व्हर्जिनिया’ हिच्या तोफा फिरविण्याच्या यंत्रणेत पाण्याऐवजी खनिज तेल वापरण्यात आले आणि तेथून या यंत्रणांचा आधुनिक काळ सुरू झाला असे मानतात. तेलाने चामडे व नैसर्गिक रबर यांचे गळतीरोधक (सील) टिकत नसत. ही अडचण १९३० नंतरच्या दशकात तेलास दाद न देणारे नायट्राइल रबर उपलब्ध झाल्यावर दूर झाली. आज वापरात असलेल्या हायड्रॉलिक द्रवांचा फार मोठा भाग खनिज तेलाचाच असतो.

श्यानता : द्रवाच्या थरांचा परस्परांवरून सरकण्यास होणारा विरोध, म्हणजे बोलीभाषेत द्रवाचा दाटपणा, हा हायड्रॉलिक द्रवाचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म होय. द्रव फार पातळ असेल, तर तो पंपातील फटींमधून मागे निसटतो, दाब टिकत नाही आणि धातूंच्या पृष्ठभागांमधील पातळ पटल तुटून ते एकमेकांवर घासतात. फार दाट असेल, तर पंपाला तो ओढून घेता येत नाही व नळ्यांतून ढकलण्यातच शक्ती खर्ची पडून तिची उष्णता होते. दिलेल्या फटीतून होणारी गळती श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असते, पण फटीच्या रुंदीच्या तिसऱ्या घाताच्या सम प्रमाणात असते. म्हणजे झिजेने फट दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. झिजलेल्या पंपात अधिक दाट तेल घालून काही दिवस काम भागविण्याचा प्रघात कारखान्यांत आढळतो, तो किती तोकडा आहे हे यावरून ध्यानात येईल.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७५ मध्ये ठरविलेल्या पद्धतीनुसार औद्योगिक तेलांच्या प्रती त्यांच्या ४०° से. तापमानाच्या श्यानतेवरून ओळखल्या जातात. ‘४६’ या प्रतीच्या तेलाची श्यानता ४०° से. ला ४६ चौ. मिमी. प्रतिसेकंद असते व तीत १० टक्के कमीजास्त चालते. त्याच तापमानाला पाण्याची श्यानता ०.६६ असते. हायड्रॉलिक यंत्रणांत बहुधा ३२, ४६ व ६८ या प्रती वापरतात. चालू पंपाला साधारणपणे १६ ते ३६ चौ. मिमी./सेकंद ही श्यानता मानवते. प्रश्न असा की, तेलाची श्यानता तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलते. सर्वसाधारण ‘४६’ प्रतीचे तेल ०° से. ला पाचशेहून अधिक, तर १००° से. ला सातहूनही कमी श्यानतेचे असते. लडाखमध्ये पहाटे सुरू होणारे यंत्र व विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी चालणारे यंत्र यांना एकच तेल द्यावयाचे झाल्यास हा फरक कमी करावा लागतो. तो किती आहे हे दर्शविणारा ‘श्यानता निर्देशांक’ डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये सुचविला. त्या वेळी ज्ञात असलेल्या तेलांपैकी तापमानाने सर्वांत कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलांना १०० व सर्वांत अधिक बदलणाऱ्या मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावरील तेलांना ० असा निर्देशांक देण्यात आला. आधुनिक संश्लेषित तेलांचा व वनस्पतिज तेलांचा निर्देशांक १०० च्या पुष्कळ वर असतो.

तेलात लांब साखळ्यांची बहुवारिके मिसळून निर्देशांक वाढविता येतो. थंडपणी या साखळ्या गुंडाळलेल्या राहतात व तापल्यावर उलगडून तेलाला दाटपणा देतात. परंतु झडपांच्या अरुंद फटींतून वारंवार जाताना त्या तुटतात आणि काही महिन्यांत तेल मूळपदावर येऊ लागते. म्हणून डब्यावरील निर्देशांकाबरोबरच तो किती टिकेल हेही विचारणे इष्ट असते. यूरोपातील थंड हवेसाठी लिहिलेल्या यंत्राच्या पुस्तिकेतील प्रत भारतात जशीच्या तशी वापरणेही नेहमी योग्य ठरत नाही. उष्ण प्रदेशांत येथे ४६ व ६८ या प्रती अधिक प्रचलित आहेत.

संपीड्यता व हवा : द्रव दाबले जात नाहीत असे शालेय पुस्तकांत म्हटलेले असते. ते पूर्णपणे खरे नाही. खनिज तेलाचा आयतनी स्थितिस्थापकता गुणांक सु. १,५०० मेगापास्काल असतो, म्हणजे २० मेगापास्काल दाबाखाली त्याचे आकारमान सु. १.३ टक्क्याने घटते. पोलादाच्या तुलनेने तेल सु. शंभरपट अधिक दबणारे आहे. मोठ्या दाबयंत्राच्या सिलिंडरात या दबलेल्या तेलात पुष्कळ ऊर्जा साठलेली असते आणि झडप एकदम उघडल्यास नळ्यांना जोराचा हिसका बसतो.

तेलात हवेचे बुडबुडे शिरले की परिस्थिती पालटते. वातावरणाच्या दाबाखाली मोजलेली केवळ १ टक्का मोकळी हवा तेलात असेल, तर सु. १० वातावरणांच्या दाबालाही मिश्रणाचा स्थितिस्थापकता गुणांक शुद्ध तेलाच्या निम्म्याहून कमी भरतो. दट्ट्या मग गचके खात चालतो व यंत्राची अचूकता जाते. बुडबुडा पंपात अचानक दाबला गेला, तर सैद्धांतिक दृष्ट्या त्यातील हवेचे तापमान १,०००° से. च्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे भोवतालचे तेल जळून काळे पडते. विरघळलेल्या हवेचा प्रश्न निराळा आहे. नेहमीच्या दाबाला खनिज तेलात आकारमानाने सु. ९ टक्के हवा विरघळते. ती तशी निरुपद्रवी असते. परंतु पंपाची ओढनळी अरुंद असेल किंवा तिच्यावरील गाळणी तुंबली असेल, तर दाब घटून ही हवा व तेलाची वाफ पोकळ्यांच्या रूपाने बाहेर पडते. या पोकळ्या दाबाच्या बाजूला गेल्यावर फुटतात व पंपाचा धातू उकरून काढतात. पंपात खडे भरल्यासारखा खडखडाट ऐकू आल्यास त्याचे कारण बहुधा हेच असते.

टाकीत वर साचणारा फेस मोडण्यासाठी तेलात अत्यल्प प्रमाणात सिलिकोन मिसळतात. त्याने पृष्ठभागावरचा फेस मोडतो. पण तेलाच्या आत अडकलेले बारीक बुडबुडे वर येण्यास त्यामुळे अधिक वेळ लागतो. एक दोष घालविताना दुसरा वाढावा, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. प्रमाण चुकले तर उपायच अपाय ठरतो, आणि यासाठी वापरणाऱ्याने स्वतः बाजारातील ‘फेसरोधक’ टाकीत ओतणे टाळावे.

ऑक्सिडीभवन व पाणी : तापलेले तेल हवेच्या संपर्कात राहिले की त्याचे ऑक्सिडीभवन होऊन अम्ले, लाखेसारखा चिकट थर व गाळ तयार होतो. सु. ६०° से. च्या वर तापमानाच्या दर १०° से. वाढीस ही विक्रिया साधारणपणे दुप्पट वेगाने होते. तांबे, लोह व पाणी यांच्या सान्निध्यात ती आणखी वाढते. म्हणूनच टाकीतील तेल ६०° से. च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. ऑक्सिडीभवन, गंज व झीज यांना आळा घालणारी समावेशके (मुद्दाम मिसळलेली द्रव्ये) चांगल्या तेलात असतात. त्यांपैकी झीज रोखणारे झिंक डायथायोफॉस्फेट फार वर्षे प्रचारात आहे. ते पोलादाच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करते. पण चांदीचा मुलामा किंवा काही प्रकारचे कासे असलेल्या भागांना ते अपायकारक ठरते, म्हणून अशा पंपांसाठी जस्तविरहित तेले निघाली आहेत.

पाणी टाकीच्या झाकणातून, शीतकाच्या गळक्या नळीतून किंवा दमट हवेच्या संघननाने तेलात शिरते. पावसाळ्यात कोकणातील कारखान्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. तेल दुधाळ दिसू लागल्यास त्यात हवा आहे की पाणी हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे : नमुना काचेच्या भांड्यात स्थिर ठेवावा. हवा असेल तर काही मिनिटांत खालून वर नितळ होत जातो; पाणी असेल तर दुधाळपणा टिकतो अथवा तळाशी पाणी साचते.

स्वच्छता : अचूक नियंत्रणाच्या सर्व्हो झडपांतील सरकती दांडी व तिचे घर यांमध्ये १ ते ४ मायक्रोमीटर इतकीच फट असते. माणसाचा केस सु. ७० मायक्रोमीटर जाड असतो आणि सु. ४० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा डोळ्यांना स्वच्छ दिसणारे तेल स्वच्छ असते असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात सर्वाधिक हानी फटीच्या रुंदीएवढ्याच कणांनी होते, कारण मोठे कण आत शिरू शकत नाहीत व फार लहान कण न घासता निघून जातात. आंतरराष्ट्रीय मानकात स्वच्छता तीन आकड्यांनी दर्शवितात; हे आकडे १ मिलि. तेलात ४, ६ व १४ मायक्रोमीटरांपेक्षा मोठे असलेल्या कणांची संख्या सुचवितात आणि आकडा १ ने वाढला की कणांची मर्यादा दुप्पट होते. ‘१८/१६/१३’ या तेलात ६ मायक्रोमीटरांपेक्षा मोठे कण दर मिलिलिटरला ३२० ते ६४० असतात. नव्या पिंपातील तेल पुष्कळदा या कसोटीला उतरत नाही. म्हणून तेही गाळूनच टाकीत भरावे लागते. उघड्या बादलीतून व कापसाच्या चिंधीने पुसलेल्या नरसाळ्यातून तेल भरण्याची सवय महागड्या पंपांच्या अकाली नाशाला कारणीभूत होते.

आगीचा धोका : खनिज तेलाचा मोठा दोष म्हणजे ते जळते. त्याचा प्रज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योतीने क्षणभर पेटते ते तापमान) सु. २००° से. असल्याने बादलीतील तेल काडीने सहसा पेटत नाही, आणि यामुळे त्याच्या निर्धोकपणाविषयी चुकीची समजूत होते. १५ ते २० मेगापास्काल दाबाची नळी फुटली, तर तेल बादलीसारखे सांडत नाही. ते धुक्याप्रमाणे बारीक थेंबांचा फवारा होऊन बाहेर पडते. प्रत्येक थेंबाभोवती हवा असल्याने असा फवारा ठिणगीने, तापलेल्या धातूने किंवा ज्योतीने क्षणात पेटतो व काही मीटर लांबीची ज्वाला निर्माण करतो. २६ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या ‘बेनिंग्टन’ या विमानवाहू नौकेवरील विमानक्षेपक यंत्रणेतून निसटलेल्या द्रवाच्या वाफेचा स्फोट होऊन १०३ खलाशी ठार झाले. या घटनेनंतर अमेरिकन नौदल हायड्रॉलिक क्षेपके सोडून वाफेच्या क्षेपकांकडे अधिक वेगाने वळले.

दोन वर्षांनी, ८ ऑगस्ट १९५६ रोजी, बेल्जियममधील मार्सिनेल येथील ब्वा द्यू काझिए या कोळशाच्या खाणीत याहून भीषण दुर्घटना घडली. ९७५ मी. खोलीवर पाळण्यात नीट न बसलेली एक डबागाडी बाहेर डोकावत असतानाच पाळणा वर निघाला. गाडीच्या धक्क्याने तेथील तुळई निखळून दाबाखालील तेलाची नळी, विजेच्या तारा आणि संपीडित हवेचा नळ ही तिन्ही एकाच वेळी तुटली. तेल, ठिणगी व हवा एकत्र आली. आग खाणीच्या लाकडी आधारांना लागली आणि धूर वायुवीजनाच्या प्रवाहाबरोबर खाणीभर पसरला. २६२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण इटलीतून पोट भरण्यासाठी आलेले होते. यंत्रणेत फिरणारे तेल हे या दुर्घटनेचे एकमेव कारण नव्हते. परंतु त्या नळीत न पेटणारा द्रव असता, तर तारा तुटूनही एवढा अनर्थ ओढवला नसता असे मानण्यास जागा आहे. युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाने १९५७ मध्ये खाण-सुरक्षिततेसाठी कायम मंडळ नेमले. भूमिगत यंत्रांतील द्रवांच्या अग्निरोधकतेच्या कसोट्या या मंडळाच्या ‘लक्झेंबर्ग अहवाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालांतून ठरत गेल्या. सातवा अहवाल १९९४ मध्ये निघाला. द्रवाचा फवारा ज्योतीवर सोडून तो किती वेळ जळत राहतो, हे पाहण्यावर या कसोट्यांचा विशेष भर असतो.

अग्निरोधक द्रव म्हणजे अदाह्य द्रव नव्हे. तो पेटण्यास कठीण असतो व ज्योत दूर होताच विझतो, एवढाच त्याचा अर्थ. मानकांत अशा द्रवांचे चार वर्ग केलेले आहेत. ‘एचएफए’ वर्गात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी व उरलेले पायसीकारक तेल असते. भूमिगत खाणीत छप्पर पेलून धरणारे व कोळसा काढला जाईल तसे पुढे सरकणारे खांब याच दुधाळ पायसावर चालतात. एवढ्या प्रचंड संख्येतील खांबांमधून थोडीफार गळती व्हावयाचीच, आणि तेव्हा स्वस्त व न जळणारा द्रवच परवडतो. पाणी पुन्हा कामाला आले ते असे. मात्र त्यासाठी पंप मुद्दाम वेगळे बनवावे लागतात. ‘एचएफबी’ हे सु. ४० टक्के पाणी तेलात विखुरलेले पायस असून त्याचा वापर मर्यादित आहे. ‘एचएफसी’ म्हणजे पाणी, ग्लायकॉल व दाटपणा देणारे बहुवारिक यांचे मिश्रण होय. पोलाद कारखाने व ओतकामाची यंत्रे यांत ते पुष्कळ वापरतात. त्यातील पाणी उडून गेल्यास द्रव दाट होतो व अग्निरोधकताही घटते, म्हणून पाण्याचे प्रमाण वरचेवर तपासावे लागते; जस्त व कॅडमियम यांचा मुलामा त्यात टिकत नाही आणि पंपाच्या धारव्यांचे (बेअरिंगांचे) आयुष्य तेलाच्या मानाने कमी होते.

पाणी नसलेल्या ‘एचएफडी’ वर्गात फॉस्फेट एस्टरे व इतर संश्लेषित एस्टरे येतात. औष्णिक वीज केंद्रात तप्त वाफेच्या नळांलगत असलेल्या टरबाइन-नियंत्रण यंत्रणेत फॉस्फेट एस्टर वापरणे रूढ आहे. ते साधे नायट्राइल रबर फुगविते, रंग विरघळविते आणि पाण्याने त्याचे विघटन होऊन अम्ल बनते. एके काळी क्लोरीनयुक्त बायफेनिलेही अग्निरोधक म्हणून या कामी वापरली जात. ती निसर्गात नष्ट होत नाहीत व प्राण्यांच्या शरीरात साठतात हे उघड झाल्यावर अमेरिकेत १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी आली आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश झाला. आगीपासून बचाव करणारा द्रव दुसऱ्या मार्गाने घातक ठरल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

विमाने व मोटारगाड्या : प्रवासी विमानांत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून फॉस्फेट एस्टरावर आधारित जांभळट द्रव वापरात आला, तर लष्करी विमानांत तांबडे खनिज तेल दीर्घकाळ प्रचलित होते. बहुतेक विमानांत दाब सु. २१ मेगापास्काल असतो. विमानाचे नियंत्रण या द्रवावर किती अवलंबून असते हे १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये दिसून आले; शेपटीतील दाबरोधक भिंत फुटून चारही यंत्रणांचा द्रव वाहून गेला, विमान वैमानिकांच्या ताब्यात राहिले नाही व ५२० जणांचा अंत झाला.

मोटारींच्या ब्रेकचा द्रव हा स्वतंत्र प्रकार आहे. प्रारंभी तो एरंडेल व अल्कोहॉल यांचे मिश्रण असे. आता तो बहुधा ग्लायकॉल ईथरांचा असतो. घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता द्रवापर्यंत पोहोचते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पायाखालची पट्टी तळाला टेकूनही चाके थांबत नाहीत. ‘डॉट ३’ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, पण हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि सु. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४०° से. एवढीच अट उरते. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३०° व १५५° से. आहेत. ब्रेक व्यवस्थित असतानाही द्रव ठराविक मुदतीने, साधारणतः दोन वर्षांनी, बदलण्यास सांगतात त्याचे कारण हे होय. ब्रेकच्या डबीत चुकून इंजिनाचे किंवा हायड्रॉलिक यंत्राचे खनिज तेल पडल्यास तेथील रबरी भाग फुगून ब्रेक निकामी होतात. रंगावरून द्रवाची ओळख पटविणे धोक्याचे असते.

हाताळणी : दाबाखालील नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर त्यातून येणारी जवळजवळ न दिसणारी धार त्वचा भेदून मांसात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व प्रारंभी फारशी दुखतही नाही. परंतु आत शिरलेल्या तेलाने ऊती मरतात आणि काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट अथवा हात कापावा लागण्याची पाळी येते. म्हणून गळती हाताने चाचपून शोधू नये, पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा धरून शोधावी. तत्पूर्वी यंत्र थांबवून संचायकातील दाबही काढावा. अशी इजा झाल्यास ती किरकोळ न समजता तत्काळ रुग्णालय गाठून ती तेलाच्या दाबाने झाल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

वने, शेती व जलाशय यांच्या परिसरात चालणाऱ्या यंत्रांसाठी वनस्पतिज तेले व संश्लेषित एस्टरे यांचे, जमिनीत जंतूंच्या साहाय्याने विघटन पावणारे द्रव प्रचारात आले आहेत. वनस्पतिज तेलांचे वंगण उत्तम व श्यानता निर्देशांक २०० च्या आसपास असतो. उष्णतेत मात्र त्यांचे ऑक्सिडीभवन लवकर होते व थंडीत ती थिजतात. भारतात वापरून झालेले खनिज तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक अपशिष्टांत मोडते. ते गटारात किंवा जमिनीवर ओतण्यास मनाई असून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे लागते. तेथे पाणी, गाळ व अम्ले काढून टाकल्यावर त्यापासून पुन्हा मूळ तेल मिळविता येते.